बोकडदऱ्याच्या शर्यतीत करंगळी ओढणारा हात

आधीच सांगतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. आयुष्यभर एकच शहाणपण पाळलं — समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं. बैल विकणारा म्हणतो पाच वर्षांचा आहे, मी तोंड उघडून दात बघतो. जीप विकणारा म्हणतो इंजिनाला कुणी हात लावलेला नाही, मी नटांवर पान्याचे ओरखडे शोधतो. या पेजवर लोक लिहितात ते भुतांचे अनुभव मुलगी मला फोनवर वाचून दाखवते तेव्हा निम्म्यांना मी थापा म्हणून मोकळा होतो. त्यामुळे माझ्या अनुभवाला तुम्ही थापा म्हणालात तर मला राग येणार नाही... खोटं कशाला बोलू, येईल. पण आधी ऐकून घ्या.

मी मूळचा केज तालुक्यातला. सातवीत शाळा सोडली आणि माणिकअप्पांच्या हाताखाली लागलो. माणिकअप्पा म्हणजे आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारातले दलाल. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंडात कधी शिवी नाही. आमच्या बाजारात बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. उपरण्याखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. जीभ फिरते, बोट फिरत नाही, असं अप्पा म्हणायचे.

अप्पांची आणि माझी त्यात आणखी एक खूण होती, आमची दोघांचीच. मी सौद्याला बसलेलो असलो की अप्पा शेजारी येऊन टेकायचे, पाऊसपाण्याच्या गप्पा मारता मारता उपरण्याखाली माझा मोकळा हात धरायचे आणि करंगळी मुडपून मनगटाकडं ओढायचे. अर्थ एवढाच — सोड, जनावरात खोट आहे, ऊठ. मग मी कारण न देता उठायचो. "जरा पाणी पिऊन येतो" म्हणायचं आणि परत यायचं नाही. खोट दिसली तरी मोठ्यानं बोलायची नाही, हा बाजाराचा नियम. बोललात तर विकणारा अंगावर येतो, आणि तुमच्या नजरेची कमाई फुकटात वाटली जाते. तुमच्या मागून दुसरा कुणी बसला आणि फसला तर ते त्याचं नशीब.

अकरा वर्षांत ती खूण मला वीस-पंचवीस वेळा मिळाली असेल. एकदाही चुकली नाही. नेकनूरच्या बाजारात एक पांढरीशुभ्र जोडी मी घेतल्यातच जमा होती, अप्पांनी करंगळी ओढली, मी मनातल्या मनात चरफडत उठलो. ती जोडी ज्यानं घेतली त्याचा एक बैल पाचव्या दिवशी नांगराला जुंपलेला असताना बसला तो उठलाच नाही.

अप्पांचा हात आंधळ्यालाही ओळखू आला असता. कासरे ओढून ओढून तळवा कडब्यासारखा झालेला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला नखच नव्हतं. ते वारले तेव्हा त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली. त्या हाताला शेवटची विभूती मी लावली होती. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडली.

अप्पा गेल्यावर बाजारात माझं मन लागेना. काळही बदलत होता. नव्वद सालानंतरची ती वर्षं — गावोगावी डिश अँटेना, रोज नव्या कंपन्यांच्या जाहिराती. मी सरकारी खात्यांच्या जुन्या जीप लिलावात घ्यायचो, दुरुस्त करायचो आणि केज-अंबाजोगाई लाईनवर वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, करणाऱ्यांना विकायचो. जोडीला बबन होता, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वय वीस-एकवीस. त्याला गावाहून मीच आणला, स्टेअरिंग मीच शिकवलं, जेवायला माझ्याच घरी. मला दाजी म्हणायचा आणि माझ्यापुढं कधी वर मान करून बोलला नाही. गाडी मात्र माझ्यापेक्षा चांगली चालवायचा. ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, दाखवलं तर पगार वाढवून मागेल म्हणून.

आता शर्यतीचं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या होता, सगळे त्याला दादा म्हणायचे. पुण्यात शिकून आलेला. शेतातल्या बंगल्यावर डिशची मोठी छत्री बसवलेली आणि रंगीत टीव्हीवर दिवसभर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती. त्याच्याकडं एक व्हिडिओ कॅसेट होती, कुठल्याशा फार जुन्या ग्रां प्रीची, म्हणजे परदेशातल्या मोठ्या मोटारशर्यतीची. काळी-पांढरी, आवाज नाही. डोंगरातला रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा नाही. मोटारी म्हणजे चाकांवर आडवी ठेवलेली पिंपं. प्रत्येक मोटारीत दोन माणसं — एक चालवणारा, आणि शेजारी मिस्त्री. वळण आलं की मिस्त्री बाहेर लटकून गाडीचा तोल धरायचा. एका ठिकाणी एक मोटार धुरळा उडवत वळणावर येते आणि पुढच्या क्षणाला रस्त्यावर नुसता धुरळा राहतो. दादा ती जागा परत परत मागं घेऊन दाखवायचा आणि म्हणायचा, बघा, मर्द माणसं.

तर दादानं ठरवलं, काकांच्या वाढदिवसाला आपल्याकडं अशीच शर्यत घ्यायची. जीपगाड्यांची. नियम कॅसेटमधले — गाडीत दोन माणसं, एक चालवणार, एक तोल धरणार. चौकाचौकात बोर्ड लागले, 'बीड जिल्हा ग्रां प्री'. लोकांनी त्याचं दोन दिवसांत गिरानपरी केलं. एका म्हाताऱ्यानं मला रस्त्यात अडवून विचारलं, "शेठ, ती परी नाचायला किती वाजता येणार हाय?"

मी हसलो नाही, कारण मला त्या शर्यतीतून एक गोष्ट हवी होती. नव्या मोटारसायकल कंपन्या तेव्हा तालुक्याच्या गावांना एजन्सी द्यायला लागल्या होत्या. मी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा शिक्षण विचारून परत पाठवलं. दादानं जाहीर केलं की जिंकणाऱ्याला काका शिफारसपत्र देतील, एजन्सी त्याच्या नावावर होईल. मला काचेचं दुकान दिसायला लागलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसेल, भाव पाटीवर लिहिलेला असेल, आणि मला पुन्हा कधी कुणाच्या जनावराच्या तोंडात हात घालावा लागणार नाही. त्या काचेसाठी मी सहा महिने एक जीप तयार केली. माझी जीप, माझं इंजिन, माझे टायर. फॉर्मवर चालवणाराच मालक दाखवावा लागत होता म्हणून नाव बबनचं घातलं. घरचाच माणूस, काय फरक पडतो...

लिंबागणेशच्या बाजूला डोंगरात बोकडदरा म्हणून भाग आहे. (नाव बदललंय, त्यातली माणसं अजून आहेत.) खाली मैदान, तिथून घाट चढायचा, वर खडी क्रशरपाशी पंच उभे, ते प्रत्येक फेरीला एक फीत देणार. ती फीत शेजारच्या माणसानं हातात घ्यायची, म्हणजे फेरी पुरी केल्याचा पुरावा. मग पठार ओलांडून दुसऱ्या बाजूनं उतरायचं आणि फरशीच्या पुलावरून परत मैदानात. अशा चार फेऱ्या.

उतरताना मध्ये एक डावं वळण होतं, त्याला लोक उलटं वळण म्हणायचे. कारण ज्यानं तो रस्ता केला त्यानं उतार डोंगराकडं ठेवायच्या ऐवजी दरीकडं ठेवला होता. सरावात बबन एकटा गेला तेव्हा जीपची डावी चाकं वीतभर उचलली गेली. मी शेजारी बसून डावीकडं बाहेर लटकलो की चाकं जमिनीला चिकटून राहायची. माझं वजन तेव्हा नव्वद किलोच्या घरात. बायको म्हणाली, एवढं खाल्लेलं पहिल्यांदा कामाला आलं.

म्हणजे हे नीट लक्षात घ्या — त्या वळणावर मी गाडीत असणं हाच बबनचा जीव होता. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

शर्यतीच्या सकाळी बबन लिंबागणेशला गणपतीपुढं नारळ फोडून आला. मी बाहेर थांबून नारळवाल्याशी भावावरून वाद घातला. दहाच्या सुमारास सात जीप सुटल्या. मैदानात जत्रा उसळलेली, भोंगे, भेळेच्या गाड्या, झाडाझाडावर माणसं. पहिल्या फेरीत एक जीप रस्त्याकडेच्या चारीत गेली, दुसरीत एकीच्या स्प्रिंगचा पाटा मोडला, एक घाटातल्या बाभळींमध्ये घुसली आणि त्यातल्या माणसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तिसऱ्या फेरीला आम्ही सगळ्यात पुढं होतो.

मी बसायचो कसा ते सांगतो. डावा हात काचेच्या चौकटीला, आणि उजवा हात दोन सीटच्या मधल्या लोखंडी नळीला. ती नळी गिअरच्या बाजूला, तिथं इंजिनाची धग हातावर यायची. म्हणून मी उजव्या हातावर उपरणं टाकून घेतलं होतं.

तिसऱ्या फेरीत पठारावर मला वाटलं की उपरण्याखाली कुणीतरी माझा हात धरलाय. मी बबनकडं पाहिलं. त्याचा एक हात स्टेअरिंगवर, एक गिअरवर. मग करंगळी आखडली. हादऱ्यानं गोळा आला असेल म्हणून मी बोट झटकलं. वळण आलं, लटकलो, पार झालो.

चौथ्या फेरीत, घाट चढताना, तो हात परत आला.

ह्यावेळी गोळा नव्हता. तळवा होता... कडब्यासारखा खरखरीत. माझ्या मुठीत एक बोट शिरलं, त्याचं टोक बोथट, मऊ, नख नसलेलं. दुपारच्या उन्हात, हजारभर माणसांच्या आरडाओरड्यात, मला मानेपासून खालपर्यंत गार पडल्यासारखं झालं. मी बबनचे हात पाहिले. दोन्ही स्टेअरिंगवर. मी ते मोजले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. एक, दोन. आणि उपरण्याखाली माझी करंगळी मुडपली गेली आणि मनगटाकडं अशी ओढली गेली की कळ कोपरापर्यंत आली. पुढं आठ दिवस ते बोट सुजलेलं होतं, बायकोनं हळद लावली होती. ती साक्षीला आहे.

सोड. खोट आहे. ऊठ.

क्रशर आलं. बबननं ब्रेक दाबला, पंचानं फीत पुढं केली. मी ती घेतली, बबनच्या मांडीवर टाकली आणि खाली उतरलो. उपरणं सीटवरच राहिलं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल?

"बबन, जरा पाणी पिऊन येतो."

अकरा वर्षांची सवय. जीभ दुसरं काही बोलायला तयारच झाली नाही.

बबन माझ्याकडं बघतच राहिला. "दाजी, बसा. मागनं आलेत ते."

"थांब म्हणतो ना. जाऊ नको."

"कावून? कशापायी?"

मी कारण दिलं नाही. त्याच्याकडं बघत उभा राहिलो. मागच्या जीपचा हॉर्न वळणाखालून ऐकू आला. बबननं दोन श्वास वाट पाहिली असेल. मग त्याचा चेहरा बदलला, कसा ते मला सांगता येत नाही, आणि त्यानं गिअर टाकला. मोकळी सीट घेऊन तो पठारावरून निघून गेला.

मी क्रशरपाशी उभा राहून कान लावला. कसला आवाज यायची मी वाट बघत होतो, ते तुम्हाला कळलंच असेल. इंजिनाचा आवाज उतरणीला लागला, बारीक झाला, उलट्या वळणापाशी बंद झाल्यासारखा झाला... आणि मग पुलाच्या अंगानं परत वर आला. खणखणीत. जीप पार झाली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मेव्हणा वाचला, जीप वाचली. पण खरं सांगतो, मला राग आला. अकरा वर्षांत न चुकलेली खूण त्या एका दिवशी चुकली, आणि तीही माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एक मोठ्या सौद्यात. पाच किलोमीटर चालत खाली आलो. उलट्या वळणावरून गेलो तेव्हा चाकांच्या खुणा धुरळ्यात असणारच, डावी चाकं उचलली होती का ते त्यांवरून कळलं असतं. रागात मान खाली घातली नाही.

मैदानात पोचलो तेव्हा बबन गुलालानं लाल झाला होता. दादानं त्याला स्टेजवर घेतलं होतं. गाडीत दोन माणसं हवीत हा नियम कुणाला आठवला नाही, दुसरी आलेली जीप अर्धा मैल मागं होती आणि लोकांना जल्लोष हवा होता. दादानं माईक बबनपुढं धरला आणि विचारलं, गाडी कुणाची?

बबननं गर्दीकडं पाहिलं. मी शेवटच्या रांगेत, घामानं निथळत उभा. त्यानं मला पाहिलं, याबद्दल मला काडीची शंका नाही. माझ्याकडं बघतच तो म्हणाला, "माझी."

मी गर्दी फोडून स्टेजवर चढलो आणि त्याची गचांडी धरली. दादाच्या माणसांनी मला उचलून खाली आणला. दादा माईकवरूनच बोलला, "शेठ, शर्यत गाडीत बसून करत्यात. पाणी पिऊन न्हाई." पंचांनी त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. सगळं मैदान हसलं. पुढं दोन वर्षं केजच्या बसस्टँडवर मला बघून पोरं एकमेकांना विचारायची, पाणी पितो का बे?

एजन्सी बबनच्या नावावर झाली. कागद त्याचे, शिफारस त्याची. मेन रोडवर काचेचं दुकान झालं, दसऱ्याला मोटारसायकली हार घालून ओळीनं उभ्या राहायला लागल्या. मी तो रस्ता सोडला. बायकोला माहेर बंद केलं. राखीला ती रडायची, मी ताट भिरकावायचो. सहा वर्षं. तिचा काही गुन्हा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि त्या सगळ्यात माणिकअप्पांविषयी मी कुणाला एक अक्षर बोललो नाही. काय बोलणार? भिऊन उतरला म्हटलेलं परवडलं, मेलेल्या माणसानं उतरवलं म्हटलं तर धंदा बसला असता.

सहा वर्षांनी सासूबाई वारल्या. दहाव्याला जावंच लागलं. नदीकाठी विधी आटोपले, माणसं पांगली, आणि लिंबाच्या सावलीला मी आणि बबन असे दोघंच उरलो. त्यानं नुकतंच डोकं भादरलेलं. बराच वेळ तो काडीनं मातीत रेघा मारत बसला. मग म्हणाला, "दाजी, एकच इचारतो. आय गेली, आता खोटं बोलू नका. भिऊन उतरलात का?"

हो म्हणालो असतो तर तिथंच सगळं मिटलं असतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं, तो माफ करायला तयार बसला होता. मी उभ्या आयुष्यात पहिल्या झटक्यात खरा भाव कुणाला सांगितलेला नाही. पण त्या दिवशी सांगितला. उपरणं, हात, नख नसलेलं बोट, करंगळी, खुणेचा अर्थ, सगळं.

तो हसला नाही. काडी मातीत तशीच रोवून धरली.

"म्हंजी तुमाला खोट कळली हुती," तो म्हणाला.

"हां."

"अन मला सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, जाऊ नको म्हणालो होतो की.

"दाजी, मी तुमच्याच हाताखाली शिकलो. जीपच्या सौद्यात बी तुमी पाणी पिऊन येतो म्हणूनच उठायचा. त्याचा अर्थ मला कळत न्हाई व्हय? गाडीत कायतर बिघाड हाय, तुमच्या ध्यानात आलंय, अन तुमी मला त्याच्यात बसवून उतरलाव... उलट्या वळणापातूर मी तुमाला शिव्या देत गेलतो. मरतो तर मरू म्हटलं. जगलो तर गाडी माझी. तुमी सोडलेलं जनावर धरलं मी. बाजारचाच कायदा हाय तो."

 सहा वर्षं मी ज्याला दगाबाज म्हणून छाती पिटत होतो, तो सहा वर्षं मला तेच म्हणत होता.

मग मी विचारलं, वळणावर काय झालं.

बबननं काडी टाकून दिली. "तेच कुणाला सांगितलं न्हाई मी अजून. डावी बाजू उचललीच न्हाई. मी एकटा गेलो की ईतभर उचलायची, तुमी बघितलंय. त्या दिशी नव्वद किलोचं माणूस लटकावं तशी दबून राहिली. मला वाटलं तुमी मागनं उडी मारून बसलाव. वळून बघितलं. सीट मोकळी. तुमचं उपरणं तेवढं पडलेलं. उघडी जीप, लई वारं, धुरळा... अन ते उपरणं हलत न्हवतं."

आम्ही दोघं उठलो. तो त्याच्या वाटेनं गेला, मी माझ्या.

आता तुम्ही सांगा. मी ह्याचा हिशोब सगळ्या बाजूंनी लावून पाहिलाय. अप्पांनी मला वाचवलं म्हणावं, तर वाचवण्यासारखं तिथं काही घडलंच नाही. गाडी सुखरूप पार झाली, मी बसलो असतो तरी झालीच असती. बबनला वाचवलं म्हणावं, तर मला उठवायची गरजच काय होती? मी लटकलो असतोच की. म्हणजे मला माझ्या जागेवरून उठवलं आणि त्याच जागेवर ते स्वतः बसले, एका अशा पोरासाठी ज्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं त्यांच्या जोड्याशी बसलो मी. त्यांच्या हाताला शेवटची विभूती मी लावली. आणि माझ्या वाट्याला काय, तर भरल्या मैदानात हसं.

घरी येऊन बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "खूण दोघांसाठी आली असंल. तुमी एकट्यानंच खाल्ली."

मी पानावरून उठलो. तिच्यावर ओरडलोही, बाजारातलं तुला काय कळतं म्हणून. तेव्हापासून ती माहेरी जाते-येते, बबनची मुलं सुट्टीत आमच्याकडं येतात. मी आणि बबन लग्नकार्यात शेजारी बसतो, पिकांबद्दल बोलतो. दोघांपैकी कुणीही आपण होऊन चूक कबूल केलेली नाही, आणि आता करेल असं वाटत नाही.

खुलासा कुणाकडं असेल तर कळवा. वातामुळं बोट आखडतं, भीतीनं भास होतो, हे डॉक्टरनं सांगून झालंय, ते नको. तो हात कुणाचा होता हे मला पक्कं माहीत आहे. तो कुणासाठी आला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.